नागिणीचे पहिले तीन दिवस

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
वर्धा.



नागिणीचे फोड उठल्यापासून गोळ्या सुरू करायला ७२ तास मिळतात. त्या मुदतीत औषध पोटात गेलं तर नवे फोड उठायचे थांबतात, उठलेले लवकर सुकतात, सुरुवातीची आग आणि ठणका आटोक्यात राहतो. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत हे ७२ तास कुठे जातात, ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे. आर्वी भागात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. उपचार ठरवणं माझं काम नाही. पण माणूस कितव्या दिवशी आला, कुठून कुठून फिरून आला आणि शेवटी हातात काय घेऊन गेला, हे काउंटरच्या या बाजूने जेवढं दिसतं तेवढं तुमच्यापर्यंत येणाऱ्या तक्त्यांत दिसत नसावं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण यातला निम्मा भाग गावाने वाचायचा आहे.

सुरुवात बहुधा अशी होते. पाठीत, बरगडीत किंवा कमरेला, एकाच बाजूला चमक येते, आग होते. अंगावर अजून काहीच नसतं. दिवसभर वाकून निंदण केलं किंवा फवारणीचा पंप पाठीवर वागवला म्हणून पाठ भरली असेल, असं समजून बाम चोळला जातो. दोन दिवसांनी त्याच जागी लाल चट्टा येतो आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड घोसाघोसाने उठतात. शेजारची म्हातारी बघते आणि सांगते, "नागीण निंगाली जी हे." पाय वळतात ते मंत्रून देणाऱ्याकडे. तो ठरावीक वारीच बसतो, त्या वाराची वाट पाहण्यात एखादा दिवस जातो. मग फोडांभोवती गेरूची कड ओढली जाते, नागिणीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते बोटाने दाखवलं जातं, वर कडुनिंबाचा पाला, कोणी चुना लावतो, कोणी बिब्बा घालतो. अंघोळ बंद, फोडणी बंद. पुन्हा येण्याचा वार दिला जातो. माझ्या दुकानाची पायरी चढेपर्यंत पाचवा-सहावा दिवस उजाडलेला असतो.

आणि माझ्याकडे आल्यावरही मागणी असते ती ट्यूबची. "ताई, ते नागिनीची ट्यूब द्या." अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम म्हणजेच नागिणीचं औषध, असा समज गावोगावी पक्का बसला आहे. नागिणीला मलमाचा उपयोग नाही. विषाणू कातडीच्या वर बसलेला नसतो, तो आतून शिरेवाटे येत असतो, त्याला गाठायला पोटात गोळीच जावी लागते. ती गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि देऊही नये, कारण मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला मात्रा कमी करावी लागते. ते डॉक्टरनेच पाहायला हवं. मी दवाखान्यात पाठवते. काही जण जातात. काही जण कॅलामाइनची बाटली घेऊन घरी जातात.

चिठ्ठी घेऊन आलेल्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. मोठ्या माणसाला नागिणीसाठी ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, अशा ३५ गोळ्या लागतात. ३५ चा आकडा ऐकला की समोरचा खिसा चाचपतो. "दहाच द्या जी. आराम पडला त बाकीच्या नेतो." दहा गोळ्या म्हणजे दोन दिवस. बाकीच्या न्यायला परत येणारे थोडे. कधी चिठ्ठीवर २०० ची गोळी दिवसातून तीनदा लिहिलेली असते. ती मात्रा नागिणीला अगदीच अपुरी आहे. मी फोन करून विचारते, आणि बहुतेक डॉक्टर ऐकून घेऊन दुरुस्त करतात. पण सगळ्या गावांत असा फोन कोण करणार?

मागे एक साठीची बाई सुनेबरोबर दुकानात आली होती. कापूस वेचायला जाणारी. पदर कपाळावरून खाली ओढलेला. बाजूला केला तेव्हा दिसलं, डाव्या भुवईपासून केसांच्या आतपर्यंत फोड, त्यांवर गेरूचा वाळलेला थर, खपली कुठली आणि गेरू कुठला ते कळू नये इतके एकमेकांत मिसळलेले. कपाळाच्या बरोबर मधोमध मात्र रेघ मारल्यासारखं सगळं थांबलेलं, उजवी बाजू स्वच्छ. डावा डोळा सुजून मिटलेला. आणि नाकाच्या शेंड्यावर दोन फोड. सुनेच्या हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे डोळे आले असं समजून थेंब दिले होते. कपाळावरचा गेरू तिथेही कोणी पुसून पाहिला नव्हता. नाकाच्या शेंड्याला आणि बुबुळाला एकाच शिरेच्या फांद्या जातात. म्हणून शेंड्यावर फोड दिसला की डोळा धोक्यात आहे असं धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. ती सेवाग्रामला गेली. डोळा राहिला, पण बुबुळावर धुरकट डाग पडला, आणि त्या डोळ्याने तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. कपाळाला वारा लागला तरी आग होते, म्हणून उन्हाळ्यातही ती डोक्याला घट्ट फडकं बांधते.

यात तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलंच नव्हतं की कपाळावरची नागीण ही डोळ्याची निकड आहे. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडे नेत्रविभाग आहेत. इतक्या लहान जिल्ह्याला एवढं भाग्य लाभलेलं क्वचितच. तरीही आष्टी-कारंजाकडच्या माणसाला तिथवर पोचायला अर्धा दिवस मोडावा लागतो. तो कशासाठी मोडायचा हे त्याला गावातच कळलं पाहिजे.

गावाला सगळ्यांत मोठी भीती विळख्याची आहे. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं लोक मानतात, आणि त्या भीतीपोटीच आधी मंत्रणाऱ्याकडे धाव घेतात. त्यांना घाबरट म्हणून उपयोग नाही, उत्तर द्यायला हवं. लहानपणी कांजण्या येऊन जातात, अंग स्वच्छ होतं, पण विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदनेच्या शिरांच्या गाठी असतात, तिथे तो दडून राहतो. तीस वर्षं, पन्नास वर्षं. वय वाढलं, साखर वाढली, स्टेरॉइडची किंवा कॅन्सरची औषधं चालू झाली, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खाल्ली, की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या एकाच शिरेवाटे कातडीपर्यंत येतो. पाट जिथवर जातो तिथवरच ओल होते, तसे ती शीर जिथवर जाते तिथवरच फोड येतात. डावीकडची शीर छातीच्या आणि पाठीच्या मध्यरेषेशी संपते, उजवीकडची वेगळी असते. म्हणून नागीण अर्ध्या अंगावर थांबते. मंत्राने थांबत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. प्रतिकारशक्ती फारच ढासळलेली असेल तर मात्र फोड सगळ्या अंगावर पसरू शकतात, आणि असा रुग्ण थेट दवाखान्यात भरती व्हायला हवा.

कांजण्या आणि नागीण एकाच मुळाच्या आहेत, हे ओळखण्यात खेड्यातल्या वैद्यकाचा मोठा वाटा आहे. बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या डॉक्टरने १८९२ मध्येच टिपून ठेवलं होतं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी मुलांना कांजण्या येतात. पुढे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावात एडगर होप-सिम्पसन नावाचा साधा फॅमिली डॉक्टर दवाखाना चालवत होता. त्याने १६ वर्षं आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. एका दवाखान्यात त्याला नागिणीचे १९२ रुग्ण सापडले. कोणाला, कितव्या वर्षी, अंगाच्या कुठल्या भागावर, सगळं वहीत. वय वाढतं तशी नागीण वाढते, आणि गावात कांजण्यांची साथ नसतानाही ती निघत राहते, हे त्या नोंदींतून दिसलं. विषाणू बाहेरून येत नाही, आतच झोपलेला असतो, हे १९६५ च्या त्याच्या निबंधात आहे. आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडीचं रजिस्टर आहेच. पुरळ कितव्या दिवसाचं, एवढा एक रकाना त्यात वाढवला तर वर्षभरात जिल्ह्याला स्वतःची आकडेवारी मिळेल. कांजण्यांच्या साथी निदान एकात्मिक रोग सर्वेक्षणात नोंदवल्या जातात. नागिणीकडे साथ नाही म्हणून कोणाचंच लक्ष नाही.

आता औषधाचं. अ‍ॅसायक्लोव्हिर नवं नाही, दुर्मिळ नाही. ज्यांच्या कामातून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचंच एक विकर या औषधाला जागं करतं, त्यामुळे ते विषाणू वाढत असलेल्या पेशींतच काम करतं आणि बाकी शरीराला फारसा त्रास देत नाही. पण विषाणूची वाढ ओसरल्यावर औषधाला करण्यासारखं थोडंच उरतं, आणि तीन दिवसांची मुदत येते ती इथून. त्याच्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदाच घ्यावं लागतं, पण ते महाग पडतं. अ‍ॅसायक्लोव्हिर राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. म्हणजे यादी आहे, आदेश आहे. मला हवी आहे ती ८०० ची गोळी, पूर्ण ३५, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात, बाराही महिने. वर्धा-हिंगणघाटला असून भागणार नाही. गिरडच्या, केळझरच्या, साहूरच्या माणसाला ती आपल्या भागात मिळाली पाहिजे.

आणि ती सुटी देऊ नका. कुष्ठरोगाच्या गोळ्या जशा महिन्याच्या पत्त्यात, कुठल्या दिवशी कुठली घ्यायची ते दिसेल अशा येतात, तसं नागिणीचं एक पाकीट करा. सात दिवसांच्या सात ओळी, आणि प्रत्येक ओळीत सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. शेतात जाणाऱ्या बाईला दिवसातून पाच वेळा म्हणजे नेमकं कधी, ते तिथेच कळेल. पाणी भरपूर प्या, हेही त्यावर छापा. एका पाकिटात पूर्ण कोर्स असला की "दहाच द्या" हा प्रश्न उरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्याला मात्र मुदत संपली म्हणून परत पाठवू नका. नवे फोड उठत असतील, डोळा किंवा कान गुंतला असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उशिरानेही औषध द्यायचं असतं. कानात फोड आणि त्याच बाजूला तोंड वाकडं झालेला माणूस लकवा समजून भलतीकडेच जातो. त्यालाही हीच गोळी तातडीने लागते, सोबत स्टेरॉइड द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

कांजण्यांबद्दल लोक फार निर्धास्त असतात. माता आली, आठ दिवसांनी जाईल. लेकरांच्या बाबतीत बहुतेक वेळा तसंच होतं. पण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात पुष्कळ माणसं लहानपणी कांजण्या न येता मोठी होतात, आणि मोठेपणी आलेल्या कांजण्या अवघड असतात. फुफ्फुसात उतरल्या तर जीव घेऊ शकतात. गर्भारशीला पहिल्या २० आठवड्यांत झाल्या तर क्वचित बाळाच्या हातापायांत, डोळ्यांत, मेंदूत व्यंग राहतं. बाळंतपणाच्या आधीचे ५ दिवस ते नंतरचे २ दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ उठलं तर नवजात बाळाला जीवघेण्या कांजण्या होऊ शकतात, कारण आईकडून मिळणारं संरक्षण त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. मोठ्या माणसाला आणि गर्भारशीला पुरळ दिसल्यापासून २४ तासांत डॉक्टरने पाहायला हवं. धाप लागली तर घरी थांबायचंच नाही.

घरात माता आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात, बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. ही रीत मोडू नका, असं मी आवर्जून सांगेन. कांजण्या हवेतून पसरतात, घरातल्या आधी न झालेल्या दहांपैकी नऊ जणांना होतात, आणि पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटची खपली धरेपर्यंत लागू शकतात. डहाळा ही गावाला कळणारी खूण आहे. तिला एवढीच जोड द्या की गर्भारशीने त्या दारी जायचं नाही, आणि त्या घरात गर्भारशी असेल तर आशाताईला त्याच दिवशी निरोप. अंघोळ बंद करणं मात्र सोडायला हवं. खाजवून, घाण जाऊन फोड चिघळतात, आणि मुलांमध्ये कांजण्यांनंतरचा सगळ्यांत नेहमीचा त्रास तोच. साध्या पाण्याने अंघोळ, नखं कापलेली, तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही, त्याने यकृत आणि मेंदू निकामी करणारा आजार होऊ शकतो. डोकेदुखीच्या कित्येक प्रचलित गोळ्यांत अ‍ॅस्पिरिन असतं आणि किराणा दुकानातही त्या सुट्या मिळतात. तिथवर तुमचा निरोप पोचला पाहिजे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्याकडे कांजण्यांचा हंगाम, आणि तोच दहावी-बारावीचा. पुरळ अंगावर घेऊन मुलं केंद्रावर जातात, कारण वर्ष वाया जाण्याची भीती असते. प्रत्येक परीक्षाकेंद्रावर अशा मुलासाठी स्वतंत्र खोली आणि ज्याला कांजण्या होऊन गेल्या आहेत असा पर्यवेक्षक, हे जिल्हाधिकारी कार्यालय आणि शिक्षण विभागाने जानेवारीतच ठरवून ठेवावं. निवासी शाळा आणि वसतिगृहांत दुसरीच अडचण होते. एका मुलाला पुरळ दिसलं की सगळ्यांना एसटीत बसवून घरी पाठवतात. लागण झाल्यापासून पुरळ दिसायला १० ते २१ दिवस जातात. धडधाकट दिसणारी मुलं विषाणू घेऊन गावोगाव पोचतात, आणि एखाद्या घरी वहिनी गर्भार असते. आजारी मुलांसाठी तिथेच वेगळी खोली करा, कांजण्या होऊन गेलेली माणसं देखभालीला ठेवा, पालकांना फोन करा. मूल नजरेआड करून शाळा मोकळी होते, जिल्हा होत नाही.

नागिणीच्या रुग्णाकडूनही कांजण्या लागतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. फोडांतलं पाणी लागलं तर ज्याला कधी कांजण्या झाल्या नाहीत त्याला कांजण्या होतात. नागिणीवरून नागीण होत नाही. आजीच्या कमरेवर नागीण आणि मांडीवर महिन्याचा नातू, असं आपल्या घरांत सर्रास असतं. फोड स्वच्छ सुती कापडाने झाकायचे आणि खपली धरेपर्यंत बाळाला दुसऱ्या कोणी घ्यायचं, इतकं सोपं आहे हे.

आता मंत्रणाऱ्यांबद्दल. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरवलेलं आहे. कोणी नागिणीच्या रुग्णाला मुद्दाम अडवून ठेवत असेल, लुबाडत असेल, तर कारवाई व्हावीच. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक मंत्रणारे म्हातारे शेतकरी आहेत. नारळ आणि अगरबत्तीपलीकडे फारसं काही घेत नाहीत, आणि आपण माणसाचं भलं करतो आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. फोड आठ-दहा दिवसांत आपोआप वाळतात, त्यामुळे त्यांचा अनुभवही त्यांना खरा वाटतो. नागिणीचा रुग्ण सगळ्यांत आधी त्यांच्याच ओट्यावर येतो, आशाताईच्या, डॉक्टरच्या आणि माझ्या किती तरी आधी. त्यांना तालुक्याला बोलवा, चहा पाजा, शेजारी बसवून समजावा की मंत्र म्हणा, पण फोडावर काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात धाडा. कपाळ, डोळा, नाक, कान असेल तर तासाभरात. हे त्यांनी सांगितलं तर लोक माझ्यापेक्षा लवकर ऐकतील.

हे होणार नाही असं कोणी म्हणेल, तर त्याने याच जिल्ह्याकडे पाहावं. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत होते त्या काळात, १९३६ साली, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यात सुरू झालं, आणि तिथल्या डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. कार्यकर्ते घरोघर जात, चट्टा शोधत, बसून समजावत, गोळ्या देत. पुढे देशाने ती पद्धत उचलली. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढलं, आणि तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी आजही एक गाव दत्तक घेते. मुंग्या, बधिरपणा, चट्टा म्हणजे काय, हे या जिल्ह्यातल्या अडाणी म्हातारीलाही कळतं, कारण कोणीतरी तिच्या अंगणात बसून ते सांगितलं होतं.

तोच रस्ता अजून वापरात आहे. कुष्ठरोग आणि क्षयरोग शोधमोहिमेत आशाताई आजही घराघरात जातात. त्यांच्या हातात नागिणीच्या आणि कांजण्यांच्या खऱ्या फोटोंचं एक कार्ड द्या, सावळ्या कातडीवरच्या फोटोंचं, कारण पुस्तकांतली गोरी चित्रं इथे ओळखता येत नाहीत. देवीच्या निर्मूलनात पुरळाचं चित्र असलेलं कार्ड घेऊन कार्यकर्ते खेड्यापाड्यांत फिरले होते, आणि मे १९७५ नंतर देशात देवीचा स्थानिक रुग्ण सापडला नाही. कांजण्या-नागीण तशा निर्मूलन होण्यासारख्या नाहीत, विषाणू आपल्यातच राहतो. पण ओळखता येण्यासारख्या नक्की आहेत. आशाताईंना हे काम द्याल तर त्याचा मोबदलाही लावून द्या. फुकटचं ओझं त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे.

लसीची मागणी मी जपून करते. कांजण्यांची जिवंत लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. त्यांच्या लहान मुलाला कांजण्यांनी फार त्रास झाला होता, तिथून ते या कामाकडे वळले. भारतात ती खासगी दवाखान्यात मिळते, राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच ती दिली तर उरलेल्यांना आजार उशिरा, मोठेपणी गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ८० टक्क्यांच्या वर लसीकरण टिकवता येत असेल तरच ती कार्यक्रमात घ्या असं सांगते. हा निर्णय दिल्लीचा आहे. पण प्रसूतिकक्षात आणि नवजात कक्षात काम करणाऱ्या, वसतिगृहांत राहणाऱ्या ज्या कर्मचाऱ्यांना कांजण्या झालेल्या नाहीत त्यांना लस द्यायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत ते बसू शकतं. गर्भारपणात ही लस चालत नाही, म्हणून तरुण नर्सताईंना आधीच विचारून घ्यावं. नागिणीची वेगळी लस २०२३ मध्ये भारतात आली. ती जिवंत नाही, पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोस, परिणाम चांगला. किंमत मात्र मजुराच्या हाताबाहेर आहे. कॅन्सरवर, अवयवबदलानंतर, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांसाठी तरी ती सरकारी यादीत यावी, एवढा प्रस्ताव तुम्ही वर पाठवू शकता.

आणि जे आधीच उशिरा आले त्यांचं काय? फोड वाळून तीन महिने झाले तरी ज्यांची आग जात नाही अशी वयस्कर माणसं दर आठवड्याला माझ्याकडे दुखण्याची गोळी मागायला येतात. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळवळतात, रात्र रात्र बसून काढतात. घरच्यांना वाटतं ढोंग आहे, कारण अंगावर काहीच दिसत नाही. वेळेवर औषध घेतलेल्यालाही ही वेदना कधी कधी राहते, त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी ती जात नाही, आणि त्या रोज खाऊन मूत्रपिंडं मात्र जातात. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही शिरेच्या दुखण्याची औषधं आहेत, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवायची. "डोक्याच्या गोळ्या दिल्या, मी काय येडा हाओ का?" असं विचारत एक आजोबा पूर्ण पाकीट परत घेऊन आले होते. दवाखान्यात त्यांना दोन मिनिटं कोणी समजावलं असतं तर ते सहा रात्री आधी झोपले असते. ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस अशा वेदनेसाठी ठेवा. तरुण माणसाला नागीण झाली असेल तर साखर आणि एचआयव्हीची तपासणीही तिथेच, गुपचूप, त्याची लाज न काढता करून घ्या.

या सगळ्यातलं काही उद्यापासून होईल, काहीला वर्ष लागेल. गोळ्यांच्या पाकिटाला वर्ष लागू नये. आता होळीच्या आत प्रत्येक केंद्राचा साठा मोजा, आणि किती केंद्रांत ३५ गोळ्यांचा पूर्ण कोर्स हजर होता तो आकडा जिल्हा परिषदेच्या फळ्यावर लावा. तालुक्यातल्या आम्हा औषधविक्रेत्यांची एक बैठक बोलवा. मलम मागायला आलेल्या प्रत्येक नागिणीच्या रुग्णाला त्याच दिवशी जवळच्या केंद्रात पाठवायचं आणि त्याची नोंद ठेवायची, हे काम आम्ही विनामोबदला करू. माझ्या दुकानाची रस्त्याकडची भिंत मोकळी आहे. तुमच्याकडून मजकूर आला की रंगवून घेते.

आपली,
एक औषधविक्रेती,
आर्वी तालुका, जि. वर्धा